बिनखर्चाचे युद्ध

१९७९ सालच्या १ डिसेंबरपासून स्वीडनमधील दुकानांतून खेळण्यातले रणगाडे, मशिनगन आणि आधुनिक सैनिकांच्या प्रतिमा दिसेनाशा होऊ लागल्या. त्यासाठी सरकारने कोणताही कायदा केला नव्हता. ग्राहकहिताचे काम पाहणारी सरकारी संस्था, मुलांच्या खेळाचा विचार करणारे मंडळ आणि खेळण्यांचे व्यापारी यांनी एकत्र बसून केलेला तो ऐच्छिक करार होता. १९१४ नंतरच्या युद्धांचे चित्रण करणारी खेळणी विकावयाची नाहीत, असे त्यात ठरले. चिलखत घातलेले सरदार आणि जुन्या काळचे शिपाई यांना मुभा राहिली. मज्जाव झाला तो विसाव्या शतकातील युद्धाच्या प्रतिकृतींना. पुढे सप्टेंबर १९८२ मध्ये युरोपीय संसदेनेही युद्धाच्या खेळण्यांच्या जाहिरातींना आळा घालावा, अशा आशयाचा ठराव संमत केला आणि स्वीडनचे उदाहरण शांततावादी मंडळींच्या तोंडी झाले.

२४ मार्च १९८६ रोजी त्याच स्वीडनमधील बोफोर्स कंपनीचा भारताशी करार झाला. १५५ मिलिमीटरच्या ४१० हॉवित्झर तोफा आणि किंमत सुमारे १४३७ कोटी रुपये. या व्यवहाराचे पुढे काय राजकारण झाले हे सर्वश्रुत आहे, आणि १९९९ साली कारगिलच्या डोंगरांवर त्या तोफा कामी आल्या हेही तितकेच सर्वश्रुत आहे. येथे मुद्दा निराळा आहे. ज्या देशाने आपल्या मुलांच्या हातातली प्लास्टिकची तोफ विचारपूर्वक बाजूला ठेवली, त्याच देशाच्या कारखान्यांतून खऱ्या तोफा जगभर जात राहिल्या. यावर स्वीडनला दांभिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यामागचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. युद्धाची ओढ खेळण्यांतून समाजात शिरते, की समाजात असते तीच खेळण्यांत उतरते? आणि खेळण्यांचा काही परिणाम होत असेल, तर तो नेमका कशावर होतो?

पुरावा काय सांगतो?

या विषयावरील वाद अर्धशतकाहून अधिक काळ एकाच खुंटीभोवती फिरत आला आहे. हिंसक खेळ खेळणारे मूल हिंसक बनते काय, ही ती खुंटी. १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बँडुरा आणि त्यांचे सहकारी यांनी ७२ बालकांवर एक प्रयोग केला. प्रौढ व्यक्ती हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला बडवते, हातोडीने मारते, असे काही मुलांना दाखविण्यात आले. नंतर तो बाहुला त्या मुलांच्या हाती पडताच त्यांनी तेच प्रकार हुबेहूब करून दाखविले. मूल पाहून शिकते, हे यावरून सिद्ध झाले. तथापि मार खाण्यासाठीच बनविलेल्या बाहुल्याला मारणे आणि माणसाला मारणे यांत अंतर आहे, हा आक्षेपही तेव्हापासूनचाच आहे.

त्यानंतर खेळणी बदलली, पडद्यावरचे खेळ आले, संशोधनाचे ढीग वाढले. निष्कर्ष मात्र अद्याप दुभंगलेलेच आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ साली हिंसक व्हिडिओ खेळांचा आक्रमक वर्तनाशी संबंध आढळतो असे म्हटले. परंतु त्यांचा प्रत्यक्ष गुन्हेगारी हिंसेशी संबंध जोडण्याइतका पुरावा नाही, हेही त्याच ठरावात नमूद केले आणि २०२० साली हा इशारा पुन्हा दिला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. तीत असा संबंध आढळलाच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कॅलिफोर्नियाचा हिंसक खेळांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविला. ग्रिमबंधूंच्या परीकथांतही क्रौर्य काही कमी नाही, याची आठवण त्या निकालपत्रात करून देण्यात आली.

म्हणजे खेळण्यातली बंदूक हाती घेणारा मुलगा उद्या खरी बंदूक हाती घेईल, हे विधान सिद्ध झालेले नाही आणि ते सिद्ध झाल्यासारखे बोलण्यात अर्थ नाही. परंतु म्हणून प्रश्न मिटला असे मानणे ही दुसरी चूक होय. कारण मूळ प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला आहे. युद्ध हे रागाच्या भरात होणारे भांडण नव्हे. अंदाजपत्रकात तरतूद करून, कारखान्यांकडे मागण्या नोंदवून, रेल्वेगाड्यांची वेळापत्रके आखून, शिधा आणि औषधे यांचा हिशेब मांडून, अत्यंत थंड डोक्याने केले जाणारे ते संघटित कार्य आहे. त्यात प्रत्यक्ष गोळी झाडणारे थोडे असतात. कागदावर सही करणारे, कर भरणारे, मत देणारे, वर्तमानपत्र वाचून मान डोलावणारे पुष्कळ असतात. युद्धाला लागणारी संमती या पुष्कळांकडून येते. तेव्हा मूल शेजारच्या मुलाला मारते की नाही, याची मोजदाद करून युद्धाविषयीच्या वृत्तीचा थांग लागणार नाही. युद्ध म्हणजे काय, ते कसे सुरू होते, कशाने संपते आणि त्याची किंमत कोण चुकवितो, याविषयी कोणती कल्पना मुलाच्या मनात घर करते, हा खरा प्रश्न आहे.

मूल आणि लढाई

लढाईचा खेळ काही कालपरवाचा नाही. बुद्धिबळाचा पूर्वज असलेला चतुरंग हा हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचाच खेळ होता. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या लष्कराने पटावरच्या लढाईला अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे साधन बनविले. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची स्वस्त पद्धत काढली आणि मध्यमवर्गीय घरातील मुलाला स्वतःची पलटण बाळगणे परवडू लागले. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी अशा सैनिकांनिशी खेळावयाच्या लढायांचे नियम सांगणारे पुस्तकच लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे दिवाणखान्यातले युद्ध कितीतरी बरे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि वेल्स यांचे वाचक खऱ्या खंदकांत जाऊन पडले.

त्याच सुमारास साकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाने या विषयावर एक मार्मिक कथा लिहिली. लंडनमधील एका प्रदर्शनात शांततेची खेळणी मांडल्याचे वृत्त वाचून एक मामा आपल्या भाच्यांसाठी तशीच खेळणी घेऊन येतो. त्यांत नगरपालिकेची इमारत असते, कचऱ्याची पेटी असते, आणि अर्थशास्त्राचा पंडित म्हणून जॉन स्टुअर्ट मिल याची मूर्तीही असते. थोड्या वेळाने मामा डोकावून पाहतो, तो कचऱ्याच्या पेटीचा किल्ला झालेला असतो आणि लाल शाईत बुडवून काढलेला मिल सेनापती बनून लढाईत उतरलेला असतो! खेळणे बदलले म्हणून खेळ बदलत नाही, हे साकीने हसत हसत सांगितले. तो स्वतः १९१६ साली फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला आणि ती कथा ज्या संग्रहात आली, तो त्याच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुलाच्या हातातून तलवार काढून घेतली तर ते फूटपट्टीची तलवार करील, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. भीतीवर मात करणे, धाडसाची चव घेणे, आपल्यापेक्षा मोठ्यांच्या जगात क्षणभर आपण समर्थ आहोत असे वाटणे, या गरजा लढाईच्या खेळातून भागतात. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डॉरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये युद्धग्रस्त मुलांसाठी शिशुगृहे चालविली. बाँबवर्षावाखाली राहिलेली ती मुले खेळातही बाँब टाकीत, घरे पाडीत. सोसलेले पचविण्याची ती त्यांची रीत होती. मुलांचे सर्वांत मोठे दुःख स्फोटांचे नसून आईपासून ताटातूट होण्याचे आहे, असे या दोघींना आढळून आले. ज्या मुलांनी युद्ध पाहिले त्यांच्या लेखी युद्धाचा अर्थ घर पडणे आणि आई दिसेनाशी होणे, असा होता. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांना त्याचा अर्थ कोणीतरी सांगावा लागतो. तो कोण सांगतो, येथे खेळण्यांचा विषय बालमानसशास्त्रातून निघून अर्थशास्त्रात आणि राजकारणात प्रवेश करतो.

कथा कोण लिहितो?

१९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत म्हणून तिला बाहुली न म्हणता 'ॲक्शन फिगर' हे नवे नाव देण्यात आले. काही वर्षे विक्री जोरात झाली. परंतु व्हिएतनामचे युद्ध अमेरिकेत अप्रिय होऊ लागले तसे आईबापांचे मन या सैनिकावरून उडाले. १९७० च्या सुमारास कंपनीने त्याचा गणवेश उतरवून त्याला साहसी प्रवासी केले आणि त्याच दशकात पुढे त्याचे उत्पादनच थांबविले. १९८२ साली, रेगन यांच्या कारकिर्दीत, तो पुन्हा सैनिक होऊन परतला. या एका खेळण्याच्या चढउतारात अमेरिकेच्या मनःस्थितीचा आलेख पाहावयास मिळतो. खेळणे आधी समाजाला प्रतिबिंबित करते, आणि मग पुढच्या पिढीला घडविते. स्वीडनच्या कोड्याचे निम्मे उत्तर येथे सापडते.

उरलेले निम्मे उत्तर १९८४ साली घडलेल्या एका प्रशासकीय निर्णयात आहे. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने त्या वर्षी मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील जाहिरातींवरची वेळेची मर्यादा उठविली. त्यानंतर खेळणे आणि कार्यक्रम यांच्यातली भिंतच पडली. कंपनीने आधी खेळणे बनवावे, मग त्याच्यावर मालिका काढावी, आणि मालिकेत दाखविलेले प्रत्येक नवे शस्त्र दुसऱ्या दिवशी दुकानात मांडावे, असा क्रम सुरू झाला. नॅन्सी कार्लसन-पेज आणि डायेन लेव्हिन या दोन शिक्षणतज्ज्ञांनी १९८७ साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकात जो धोका दाखविला तो हाच. पूर्वी मूल काठीची बंदूक करी आणि कथा स्वतः रची. कधी शत्रूशी तह होई, कधी जखमी शिपायाला पाणी पाजले जाई, कधी जेवणाची हाक आली की लढाई तिथेच थांबे. आता खेळण्याबरोबर कथाही तयार मिळू लागली. शत्रू ठरलेला, त्याचा चेहरा ठरलेला, आणि त्याच्याशी वागण्याची एकमेव रीतही ठरलेली. मूल लढाई खेळत होते त्याऐवजी दुसऱ्याने लिहिलेली लढाई गिरवू लागले.

त्याच काळात ८ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी फ्लॉरिडातील मुलांपुढे बोलताना व्हिडिओ खेळांमुळे हात आणि डोळा यांचा जो मेळ साधतो तो उद्याच्या वैमानिकांना उपयोगी पडेल, असे कौतुकाने सांगितले. सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हणणारे त्यांचे प्रसिद्ध भाषण त्याच राज्यात, त्याच दिवशी झाले.

दोन्ही बाजूंना 'आपणच'

जे काम तोवर बाजार करीत होता ते ४ जुलै २००२ रोजी राज्यसंस्थेने उघडपणे हाती घेतले. त्या दिवशी अमेरिकेच्या लष्कराने 'अमेरिकाज आर्मी' हा संगणकीय खेळ सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. १९९९ साली सैन्यभरतीचे उद्दिष्ट गाठता आले नव्हते, ही त्यामागची प्रेरणा. त्याची कल्पना काढणारे कर्नल केसी वॉर्डिन्स्की हे अर्थतज्ज्ञ होते आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत आर्थिक व मनुष्यबळ विश्लेषणाच्या कार्यालयाचे काम पाहत होते. पहिल्या दशकात या खेळावर तीन कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. लष्कराच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य होती, आणि भरतीच्या जाहिरातींशी तुलना करता हा सौदा स्वस्तच होता. २००८ साली फिलाडेल्फियातील एका बाजारसंकुलात लष्कराने याच धर्तीवर एक केंद्र उघडले. तेथे १३ वर्षांवरील मुलांना लष्करी वाहने आणि हेलिकॉप्टर यांच्या प्रतिकृतींत बसून विनामूल्य लढता येई. निदर्शने झाली आणि २०१० साली ते बंद झाले. मूळ खेळ मात्र २०२२ पर्यंत चालू राहिला.

या खेळाचे एक वैशिष्ट्य फार बोलके होते. दोन गट परस्परांशी लढत. पण प्रत्येक खेळाडूला आपल्या पडद्यावर स्वतःचा गट अमेरिकी सैनिकांचा आणि समोरचा गट शत्रूचा दिसे. समोरच्यालाही तसेच दिसे. म्हणजे दोघेही स्वतःच्या दृष्टीने अमेरिकी सैनिक आणि दुसऱ्याच्या दृष्टीने शत्रू! कोणालाही शत्रूच्या बाजूने खेळावे लागू नये म्हणून केलेली ही तांत्रिक युक्ती होती. नकळत तीत युद्धाच्या मानसशास्त्राचे सार उतरले. आपण सदैव न्यायाच्या बाजूने आणि समोरचा सदैव अन्यायाच्या, हे प्रत्येक सैन्याला आपापल्या पडद्यावर दिसत असते. फरक इतकाच की खेळणाऱ्या मुलाला ही युक्ती आहे याची जाणीव करून दिली जात नाही.

जोसेफ दलाप या नेवाडा विद्यापीठातील कलाध्यापकाने २००६ साली या खेळात शिरून एक वेगळाच निषेध आरंभिला. तो खेळात येई, शस्त्र खाली टाकी, आणि इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावे, वये व मृत्यूच्या तारखा एकामागून एक टंकित करी. इतर खेळाडू चिडत, त्याला गोळ्या घालीत. पुन्हा जिवंत होताच तो पुढचे नाव लिही. लष्कराच्या खेळात लष्कराच्याच मृतांची नावे उच्चारणे हा व्यत्यय ठरावा, यात त्या खेळाने काय वगळले होते ते स्पष्ट होते.

न दाखविलेला खर्च

कोणत्याही युद्धखेळात जे दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. गोळ्या संपतात, पण त्या कोणी, कोणत्या कराच्या पैशातून बनविल्या ते दिसत नाही. सैनिक पडतो आणि काही सेकंदांत उठतो. पाय गमावून तो चाळीस वर्षे जगत नाही, त्याची विधवा निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवीत नाही. शहर उद्ध्वस्त होते, पण त्यात राहणारे कोणी नसते. शेते जळत नाहीत, महागाई होत नाही, कर्जरोखे निघत नाहीत. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात, म्हणजे एका गोष्टीसाठी दुसऱ्या कोणत्या गोष्टीवर पाणी सोडावे लागले त्याचा हिशेब, तो या युद्धात शून्य असतो. युद्ध ही एक बिनखर्चाची गोष्ट आहे, हा धडा हजारो तासांच्या सरावाने, एकही शब्द न उच्चारता, मुलाच्या मनावर बिंबविला जातो.

प्रत्यक्षात काय घडते? जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली इराकच्या युद्धाचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने एकट्या अमेरिकेवर पडणारा भार तीन लाख कोटी डॉलरांच्या घरात जात होता. त्यातला मोठा भाग रणांगणावरचा नव्हताच. जखमी होऊन परतलेल्या सैनिकांचे पुढील अनेक दशकांचे औषधपाणी, भत्ते आणि युद्धासाठी काढलेल्या कर्जावरील व्याज यांचा तो भाग होता. इराकी जनतेने जे सोसले ते या बेरजेत धरलेलेच नाही. युद्ध सुरू करणारी पिढी टाळ्या वाजविते आणि त्याचे देणे तिची मुले फेडतात. ज्या मुलांनी ते फेडावयाचे, त्यांनाच युद्ध फुकट असते असे शिकविले जावे, ही विसंगती साधी नाही.

आणखी एक जुना दाखला देण्याजोगा आहे. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर १९४२ साली धातूची खेळणी बनविण्यावर निर्बंध आले, कारण तो धातू शस्त्रास्त्रांसाठी हवा होता. खऱ्या युद्धाने खोट्या युद्धाचे शिपाई हिरावून घेतले. युद्धाला किंमत असते हे त्या मुलांना रिकाम्या कपाटाने शिकविले.

आपल्याकडे

भारतात हा प्रश्न परका राहिलेला नाही. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना वीरमरण आले. २६ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे साडेसात महिनेही लोटले नसताना, त्या खोऱ्यातील संघर्षावर बेतलेला 'फौ-जी' हा खेळ भ्रमणध्वनीवर उपलब्ध झाला. उत्पन्नातील वीस टक्के वाटा जवानांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या निधीला देण्याची घोषणा झाली होती, ती स्तुत्यच. परंतु ज्या घटनेचे दुःख घराघरांत ताजे आहे ती इतक्या लवकर मनोरंजनाची वस्तू व्हावी काय, यावर म्हणावा तसा विचार झाला नाही.

'पबजी' या खेळाबाबत तर अधिक गंमत झाली. मार्च २०१९ मध्ये गुजरातेतील काही शहरांत पोलिसांनी त्यावर बंदी घातली आणि तो खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने देशभर बंदी आणली. कारण मात्र चीनशी असलेला संबंध आणि नागरिकांच्या माहितीची सुरक्षितता हे होते. पुढील वर्षी जुलैमध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला. आक्षेप माहिती कोठे जाते याला होता. मुलाच्या मनात काय येते याला नव्हता. खेळण्यांच्या धोरणाचेही तसेच. २०२० साली आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. खेळण्याच्या रंगात शिसे किती, कडा धारदार आहेत काय, हे त्यात तपासले जाते आणि ते आवश्यकच आहे. पण त्या खेळण्यातून जे शिसे मनात उतरते ते मोजण्याचे माप कोणत्याही ब्यूरोकडे नाही, आणि असूही नये. ते काम सरकारचे नव्हे. घराचे आणि शाळेचे आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर येथे एक फार अर्थपूर्ण परंपरा जिवंत आहे. दिवाळीत मुले दगडमातीचे किल्ले करतात. तोही युद्धाचाच खेळ आहे. बुरूज असतात, तोफा असतात, मावळे असतात. परंतु किल्ल्यावर अळीव पेरलेले असते, पायथ्याशी विहीर असते, शेत असते, मातीची गवळण आणि भाजीवाली असते. किल्ल्याला गाव असते. ज्यांच्यासाठी लढावयाचे आणि ज्यांच्या घामावर लढावयाचे, ती माणसे त्या खेळात हजर असतात. हे इतिहासाला धरूनच आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या तळावरील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी दाणावैरण जपून वापरण्याची, ती संपल्यास शिपाई रयतेला लुबाडू लागतील याची, आणि उंदराने दिव्याची वात ओढून नेल्यास गवताला आग लागेल याचीही ताकीद दिली आहे. लढणाऱ्या राजाला युद्धाचा खर्च गवताच्या काडीपर्यंत ठाऊक होता. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावच्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले, आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे. अशा गावात युद्धाचा अर्थ सांगावयास पडदा लागत नाही.

काय करता येईल?

मग बंदी घालावी काय? स्वीडनचा करार समंजस होता. त्याने मोठ्यांना विचार करावयास लावले, हे त्याचे श्रेय. पण बंदीने मुलाला युद्ध समजत नाही. ते फक्त दृष्टीआड होते, आणि दृष्टीआड असलेल्या तोफांचा व्यापार अधिक सुखाने चालतो हे १९८६ ने दाखविले. उपाय युद्ध लपविण्यात नाही, ते पुरते दाखविण्यात आहे.

ते खेळाच्या माध्यमातूनही दाखविता येते. २०१४ साली पोलंडमधील एका कंपनीने 'धिस वॉर ऑफ माइन' हा खेळ काढला. सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून त्याची प्रेरणा घेतली होती. त्यात खेळणारा सैनिक नसतो. वेढ्यात अडकलेल्या सामान्य नागरिकांना जगवावयाचे असते. औषध कोणाला द्यावयाचे, शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचे अन्न चोरावयाचे काय, असे निर्णय घ्यावे लागतात. २०२० साली पोलंड सरकारने हा खेळ शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने २०१३ साली केलेली सूचनाही विचारार्ह आहे. युद्धाचे खेळ बंद करा असे तिने म्हटले नाही. खऱ्या युद्धाला कायदे असतात, कैद्याला मारणे आणि नागरिकांवर गोळी झाडणे हा गुन्हा असतो. मग वास्तवाचा दावा करणाऱ्या खेळांतही तसे असावे, एवढेच तिचे म्हणणे होते.

शिक्षकांना आणि पालकांना यापेक्षाही साधे काही करता येईल. मुलगा पडद्यावर लढत असेल तर त्याच्याकडून तो हिसकावून घेण्याऐवजी काही प्रश्न विचारावेत. या गावातले लोक कोठे गेले? समोरच्याला तू कसा दिसत असशील? ही लढाई संपल्यावर पूल कोण बांधणार? इतिहासाच्या तासाला लढायांच्या सनावळीबरोबर त्या लढायांसाठी किती कर बसला, किती धान्य गेले, किती जण परतले नाहीत, हेही सांगावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केंद्रीय अंदाजपत्रक उघडून पाहावे. २०२५-२६ साली संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद होती, आणि तीत निवृत्तिवेतनाचा भागही लक्षणीय होता. यातला एक रुपयाही अनावश्यक आहे असे येथे म्हणावयाचे नाही. ज्या देशाच्या सीमा अशांत आहेत त्याला शस्त्रे बाळगावी लागतात, आणि त्या सीमांवर उभ्या असलेल्या जवानाचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु त्याच्या जिवावर घेतला जाणारा निर्णय ज्यांच्या संमतीने होतो, त्या नागरिकांना किंमत ठाऊक असली पाहिजे. बिनखर्चाचे युद्ध खेळून मोठा झालेला नागरिक दुसऱ्याच्या मुलाला रणांगणावर पाठविताना क्षणभरही अडखळणार नाही.

मुले लढाई खेळतील; त्यांनी ती अवश्य खेळावी. फक्त त्यांच्या किल्ल्याच्या पायथ्याचे गाव पुसले जाणार नाही, एवढी काळजी मोठ्यांनी घ्यावयास हवी.